एकच तलाव, बारा महिने: गावच्या तलावावर ऋतू पाहायची रीत

थंडी पडली की पाखरं पाहायला निघणाऱ्यांची एक ठरलेली चाल असते. रविवारी नऊला निघायचं, दहाला तलाव गाठायचा, गाडी थेट पाळीवर (तलावाच्या बांधावर) चढवायची, मागे राहिलेल्या मित्राला हॉर्न मारून बोलवायचं, आणि पाण्याच्या मध्यावर काळे ठिपके दिसले की "लय दूर हायेत" म्हणून परतायचं. पुढच्या रविवारी दुसरा तलाव. होळीपर्यंत चार-पाच तलाव होतात, पाखरू एकही नीट ओळखता येत नाही, आणि ऋतू बदलला हे कॅलेंडरवरूनच कळतं.

यातल्या बहुतेक चुका तलावावर पोहोचण्याआधीच झालेल्या असतात. जागा चुकते, वेळ चुकते, उन्हाची बाजू चुकते. त्यामुळे खालच्या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. ते वाचून कंटाळा आला तरी टप्पे गाळू नका.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत बहुतेक गावांना मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातला जुना सिंचन तलाव) किंवा निदान एखादी बोडी, म्हणजे लहान तळं, आहे. ही रीत मुख्यतः त्यांच्यासाठी. अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलडाण्याकडच्या वाचकांनी पाझर तलाव किंवा लहान सिंचन प्रकल्प धरावा आणि धानाच्या जागी कपाशी-सोयाबीन-तूर वाचावं. बाकी फार फरक पडत नाही.

## टप्पा १: तलाव निवडा आणि मग बदलू नका

निकष थोडेच आहेत, पण पाळा.

१. घरापासून सायकलने किंवा गाडीने वीस मिनिटांत पोहोचता आलं पाहिजे. याहून लांबचा तलाव डिसेंबरात सोपा वाटतो, जुलैच्या चिखलात तिकडे कोणी जात नाही.

२. पूर्ण पाळ अर्ध्या तासात चालून व्हावी. इटियाडोहसारखा मोठा जलाशय नवख्याला उपयोगाचा नाही. तिथे पाखरं हजारात असली तरी ती किलोमीटरभर आत असतात.

३. निदान एक काठ उथळ हवा. कमळ, शिंगाडा, देवधान, लव्हाळी असलेला काठ म्हणजे निम्मा तलाव. चारही बाजूंनी दगडी पिचिंग केलेला, खोलीकरणात उभ्या कडांचा झालेला तलाव नको. उथळ पाण्यात चरणारी पाखरं तिथे उतरत नाहीत.

४. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या (भातखाचरं) असतील तर उत्तम.

५. बेशरम आणि जलपर्णीने निम्म्याहून जास्त झाकलेला तलाव टाळा.

६. अभयारण्य किंवा राखीव जंगलाच्या आतला तलाव या कामासाठी घेऊ नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय तिथे पहाटे पायी फिरायचं नसतं.

उन्हाळ्यात तलाव आटतो का, हे गावात विचारून ठेवा. आटत असेल तर तो बाद करण्याचं कारण नाही. उलट आटणाऱ्या तलावावर फेब्रुवारी ते एप्रिल जितकं दिसतं, तितकं काठोकाठ भरलेल्यावर दिसत नाही. बहुतेक लोक नेमके इथे फसतात. पाणी जास्त तर पाखरं जास्त, असा त्यांचा हिशेब असतो. बदकं आणि चिखलात चरणारी पाखरं पाणी किती यापेक्षा ते किती उथळ आहे, हे बघतात.

तपासा: निवडलेल्या तलावावर जुलैच्या पावसात, मेच्या पहाटे आणि जानेवारीच्या धुक्यात तुम्ही जाऊ शकता का? तिन्हीला "हो" आलं तरच पुढे चला.

## टप्पा २: दुपारची रिकामी फेरी

पहिली फेरी दुर्बीण न घेता, भर दुपारी करायची. पाखरं पाहायची नाहीत. जागा समजून घ्यायची.

आधी दिशा ठरवा. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून सकाळी पाहायचं तर तुम्ही तलावाच्या पूर्व काठावर हवेत आणि नजर पश्चिमेला. ऊन तुमच्या पाठीवर, पाखरांच्या अंगावर. संध्याकाळी उलट. पश्चिमेकडच्या पाळीवर सकाळी सातला उभं राहिलात तर पाण्यावर चकाकी असते आणि समोरचं प्रत्येक बदक काळं दिसतं. रंग न दिसल्याने ओळख चुकते, आणि दोष मात्र दुर्बिणीला दिला जातो.

मग तीन ठाणी ठरवा. एक उथळ काठाजवळ, एक मोकळ्या खोल पाण्यासमोर, एक शेताच्या किंवा झाडांच्या बाजूला. प्रत्येक ठाण्यावर मागे झाड, झुडूप किंवा पडकी भिंत हवी, म्हणजे तुमची आकृती आभाळावर उठून दिसत नाही. वर्षभर याच तीन ठिकाणांहून पाहायचं.

पाण्याची पातळी मोजायला एक खूण धरा: घाटाची पायरी, सांडव्याची कड, पाण्यात उभा असलेला खांब किंवा अर्धवट बुडालेलं झाड. "पाणी घाटाच्या चौथ्या पायरीवर" एवढी नोंद पुरते.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, ती म्हणजे माणसांशी बोलणं. तलावातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असते. शिंगाड्याचा ठेकाही कोणाकडे तरी असतो. त्यांना न सांगता पहाटे पाळीवर दुर्बीण घेऊन उभा राहणारा माणूस त्यांना मासेचोर किंवा सरकारी तपासनीस वाटतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. "काय पाहाले आले जी?" असं कोणी विचारलं की थांबून सांगा, दुर्बीण त्यांच्या हातात द्या. जाळं केव्हा टाकतात, कोणत्या वारी टाकतात, शिंगाडा कधी निघतो, पाणी कधी सोडतात, हे विचारून घ्या. जाळं असलेल्या सकाळी पाखरं दुसऱ्या कोपऱ्यात असतात, आणि तो कोपरा कोणता हे ढिवर मामांना तुमच्या कोणत्याही अॅपपेक्षा नक्की माहीत असतं.

सावध: डुकरांपासून पीक वाचवायला काही शेतांभोवती रात्री वीजप्रवाह सोडलेल्या तारा असतात. झटका मशीनचा धक्का वेगळा. थेट लाइनवरून घेतलेल्या बेकायदा तारेने माणसं मेली आहेत. म्हणून अंधारात शेतातून शॉर्टकट घ्यायचा नाही. रस्ता आणि पाळ, एवढंच.

## टप्पा ३: सामान

दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार २०× किंवा त्याहून मोठी दाखवेल. ती हातात धरली की चित्र थरथरतं आणि पाखरू सापडेपर्यंत उडून जातं. १०× पर्यंत ठीक, त्यापुढे तिपाईशिवाय जाऊ नये.

दुर्बीण घेतल्यावर लगेच जुळवायची असते. निम्म्या लोकांनी ती कधीच जुळवलेली नसते. क्रम असा:

१. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा आत, नसेल तर बाहेर.

२. दोन्ही नळ्या जवळ-दूर करून एकच गोल दिसेल असं करा. दोन गोल किंवा मध्ये काळी सावली दिसली तर अंतर चुकलं.

३. उजवा डोळा मिटा. दूरच्या पाटीवरची अक्षरं डाव्या डोळ्याने, मधलं चाक फिरवून स्पष्ट करा.

४. आता डावा मिटा. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा.

५. त्या कडीवर टेपचा तुकडा लावून टाका. पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

पाखरू दिसल्यावर नजर त्याच्यावरून हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. आधी दुर्बीण लावून मग पाखरू शोधणाऱ्याला फक्त पाणी दिसतं. घरासमोरच्या विजेच्या तारेवर बसलेल्या कोतवालावर दोन-चार दिवस सराव करा.

बाकी सामान: मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी किंवा दुपट्टा, पाण्याची बाटली, टॉर्च, शिसपेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेनची शाई पावसात पसरते. पावसाळ्यात गमबूट. पांढरा शर्ट आणि भडक जॅकेट घरी ठेवा. पानांचे छापे असलेला लष्करी थाटाचा पोशाख लागत नाही, उगाच पैसे जातात. अत्तर-सेंट लावू नका. पाळीवरच्या मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असू शकतं.

## टप्पा ४: पहाटेची फेरी, क्रमाने

सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी तलावाजवळ पोहोचा. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सात वाजायला काही मिनिटं असताना उगवतो, जूनच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास. घड्याळाचा एकच आकडा धरून वर्षभर गेलात तर उन्हाळ्यात दीड तास उशिरा पोहोचाल.

उशीर का चालत नाही? अडई आणि इतर बरीच बदकं रात्री बांध्यांत, उथळ पाण्यात चरतात आणि उजाडताना तलावावर परततात. ते उतरणं म्हणजे दिवसातला सगळ्यात चांगला अर्धा तास. नऊनंतर तीच बदकं चोच पिसांत खुपसून झोपलेली असतात.

१. गाडी पाळीपासून लांब, निदान दोनशे पावलांवर ठेवा. दार आपटू नका, मोबाइल मुका करा.

२. पाळीवर चढताना थांबा. अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पाळीच्या माथ्यावर एकदम उभं राहायचं नाही. पाण्यातल्या पाखराला तुम्ही आभाळावर उगवलेल्या खांबासारखे दिसता आणि अख्खा थवा उठतो. डोळे पाळीच्या कडेवर येतील इतकंच चढा, तिथेच थांबा, एक मिनिट जाऊ द्या, मग झाडाच्या आडोशाने ठाण्यावर जा.

३. पहिली दहा मिनिटं दुर्बीण गळ्यात. फक्त ऐका. अडईची शीळ, टिटवीची ओरड, जांभळ्या पाणकोंबडीचं गवतातलं कुरकुरणं, दूर शेतातून सारसाच्या जोडीची साद.

४. मग नजर फिरवा, ठरलेल्या क्रमाने. आधी पायाजवळचा काठ, मग वनस्पती, मग मोकळं पाणी, शेवटी झाडं आणि आभाळ. नवखे थेट मध्यावर जातात आणि वीस पावलांवरचा वंचक (ढोकरी, एक लहान बगळा) त्यांच्या हालचालीने उडतो तेव्हाच त्यांना दिसतो.

५. प्रत्येक ठाण्यावर वीस मिनिटं, मग पुढचं. हिवाळ्यात पाळीच्या बाहेरच्या उतारावरून वाकून जा, म्हणजे पाण्याकडून दिसत नाही. पावसाळ्यात असं करू नका. तो उतार गवताने भरलेला असतो आणि तिथे घोणस असू शकते. तेव्हा माथ्यावरून, हळू आणि न थांबता चाला.

६. माना वर झाल्या की थांबा. चरणारी पाखरं एकदम स्तब्ध झाली, वारकरी (काळी पाणपाखरं) काठापासून आत पोहू लागले, टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर तुम्ही जास्त जवळ आलात. दहा पावलं मागे जा. फोटोसाठी "अजून थोडं" पुढे जाणारा माणूस बाकीच्या सगळ्यांची सकाळ घालवतो.

सावध: ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या भागांत आणि जंगलाला लागून असलेल्या कोणत्याही गावात पहाटे एकटं जाऊ नका. दोघं-तिघं जा, पूर्ण उजाडल्यावर जा, जाताना बोलत जा, आणि झुडपांजवळ उकिडवं बसू किंवा वाकू नका. वाघाच्या वावराची गावात बोलवा असेल तर त्या आठवड्याची फेरी रद्द. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवा. साप चावल्यास कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चावा बसलेला भाग हलवायचा नाही आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

## टप्पा ५: नोंद

वहीत प्रत्येक फेरीला सहा गोष्टी: तारीख, वेळ (येण्याची आणि निघण्याची), आभाळ, पाण्याची खूण, पाखरं किती, आणि झाडं-पिकांत काय चाललंय. शेवटची नोंद लोक टाळतात. "हलका धान कापून झाला, भारी उभा", "पळसाला कळ्या", "शिंगाडा काढणं चालू" अशी एक ओळ लिहिली की पुढच्या वर्षी त्याच पानावर ऋतू कुठे होता ते कळतं.

मोठा थवा मोजताना एकेक मोजू नका. दहा पाखरांचा एक गठ्ठा नजरेत धरा, तो किती जागा व्यापतो ते पाहा, आणि त्या मापाने थवा मोजा. दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. "खूप" हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही.

ओळख पटली नाही तर नाव लिहू नका, वर्णन लिहा: आकार (चिमणीएवढं, मैनेएवढं, कावळ्याएवढं), चोच, पाय, पंखावरचा पट्टा, काय करत होतं. नाव संध्याकाळी पुस्तकात शोधा. तलावावरच मोबाइलमध्ये डोकं घातलं की समोरचं निघून जातं. काही दिसलं नाही तरी तारीख आणि शून्य लिहायचं. रिकाम्या सकाळीही नोंदच असतात.

एकाच पाखराची दोन नावं लिहिणं ही वहीतली नेहमीची चूक. वंचक (आपल्याकडे ढोकरी) हिवाळ्यात मातकट, रेघारेघांचा असतो. पावसाच्या तोंडावर त्याची पाठ गर्द तपकिरी-जांभळी होते. गाय बगळा तेव्हा डोक्या-मानेवर केशरी होतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची ती शेपटी फक्त विणीच्या काळात असते, हिवाळ्यात गळून जाते.

तपासा: पाच फेऱ्यांनंतर वही उघडा. पाण्याच्या खुणेचा रकाना रिकामा आहे का? असेल तर तुम्ही फक्त पाखरांची यादी करताय.

## टप्पा ६: ऋतूप्रमाणे काय बदलायचं

महिन्यातून दोन फेऱ्या पुरतात. सुरुवात नोव्हेंबरात करा. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, त्यात पहिली फेरी धरली की तारीख विसरत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत सुरुवात करणारे बहुतेक लोक तिसऱ्या फेरीला सोडून देतात.

### दिवाळी ते संक्रांत

धानाला शेवटचं पाणी सुटलं की तलाव उतरू लागतो आणि काठ उघडे पडतात. ऑक्टोबर-अखेरीपासून पाहुणी बदकं येऊ लागतात: तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल, पुढे चक्रवाक, आणि नशीब असेल तर हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस.

नोव्हेंबरात नर बदकं ओळखायला बसू नका. उन्हाळ्यात पिसं झडल्यावर त्यांचा वेष मादीसारखा करडा-तपकिरी होतो आणि मूळ रंग हळूहळू परत येतो. नोव्हेंबरात फक्त मोजा, डिसेंबर-जानेवारीत ओळखा.

वागण्यावरून आधी दोन गट पाडा. शेपटी वर, डोकं पाण्यात घालून चरणारी बदकं उथळात मिळतात. पूर्ण बुडी मारणारी, म्हणजे लालसरी आणि शेंडी बदक, खोल पाण्यात. काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी बदक नाही. उडण्याआधी तो पाण्यावर धावतो. त्याला बदकांत मोजल्यामुळे आकडे फुगलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

अडई आणि हळदीकुंकू बदक आपल्याकडचीच, बारमाही. त्यांचे आकडे वेगळे ठेवा.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्रभर दंडार (लोकनाट्य) आणि लाउडस्पीकर असलेल्या गावच्या तलावावर दुसऱ्या सकाळी जाऊ नका. मंडईत जा, तलाव आठवड्याने पाहा.

जानेवारीत धुकं असेल तर ठाण्यावर बसून राहा. ते नऊपर्यंत उठतं, आणि त्या दिवशी पाखरं उशिरापर्यंत हलत नाहीत.

### संक्रांत ते होळी

माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला काळ, आणि नेमकी तेव्हा गर्दी नसते. पाणी मागे हटून चिखलाची पट्टी उघडी पडते. तिथे शेकाट्या, तुतवार, धोबी, उघड्या चोचीचे करकोचे. करकोचा गोगलगायी काढताना मिळाला तर दहा मिनिटं त्याच्यावरच घालवा. मिटलेल्या चोचीच्या मधली फट नीट दिसते, आणि चिखलात चोच खुपसून तो शिंपला धरून कसा बाहेर काढतो ते कळतं.

ठाणी तीच ठेवा, पण पाणी दूर गेल्यामुळे पुढे चालत जायचा मोह होतो. जाऊ नका.

सावध: आटलेल्या तलावाचा वरचा थर तडकलेला, कोरडा दिसतो, खाली गुडघाभर गाळ असतो. शिवाय त्या जागेवर कोणाची तरी गाळपेर (उघड्या गाळात केलेली पेरणी) असू शकते.

झाडांकडेही पाहा. काटेसावर पानं गाळून लाल फुलते, पाठोपाठ पळस. फुललेल्या सावरीखाली अर्धा तास थांबलात तर मैना, कोतवाल, बुलबुल, खारी सगळे हजेरी लावून जातात. मार्चअखेर बदकांचे आकडे घटू लागतात. शेवटचं पाहुणं बदक कोणत्या तारखेला दिसलं, ती नोंद महत्त्वाची. "आता काही राहिलं नाही" म्हणून फेऱ्या थांबवणाऱ्यांच्या वहीत ती तारीख कधीच नसते.

### होळी ते नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस)

उजाडल्यापासून आठपर्यंतच. त्यानंतर थांबण्यात अर्थ नाही, आणि मेमध्ये तर धोका आहे. निघण्याआधी पाणी प्या, बाटली भरलेली घ्या, कान दुपट्ट्याने झाका.

मोहफुलं वेचणारे लोक पहाटे झाडाखाली असतात. अस्वलंही त्याच फुलांना येतात. जंगलकाठच्या मोहाखाली अंधारात जाऊ नका.

पाणी एका डबक्यापुरतं उरलं की सगळी पाखरं तिथे गोळा होतात. अशा डबक्यावर दोन तास ठिय्या देऊन बसणं म्हणजे त्यांचं पाणी अडवणं. लांबून पंधरा मिनिटं पाहा आणि निघा. मेअखेरीस काठच्या गर्द झाडीत जमिनीवर पानं उलटवणारा नवरंग दिसू शकतो. तो दोन सुरांची शीळ घालतो, बहुतेक पहाटे आणि दिवस मावळताना.

### मिरग ते पोळा

ताडोब्याच्या गाभ्यातली सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, म्हणून निसर्गही बंद असं धरून लोक घरी बसतात. तलावावर याच काळात सगळ्यात जास्त घडत असतं.

पहिल्या जोरदार पावसानंतरच्या सकाळी जा, उद्यावर ढकलू नका. तपकिरी-हिरवा असणारा मोठा बेडूक, म्हणजे त्याचा नर, पिवळाधम्मक झालेला असतो, गळ्याच्या दोन बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो, आणि हा रंग फार टिकत नाही. ओल्या जमिनीवर मृगाचे लाल मखमली किडे दिसतील. आधी पावशा ओरडून गेलेला असतो, चातक पावसासोबत येतो. दोघांच्या पहिल्या आवाजाची तारीख लिहा.

हा विणीचा काळ, म्हणून अंतर दुप्पट. टिबुकली तरंगतं घरटं करते, आणि निघताना अंडी ओल्या पाणवनस्पतींनी झाकते. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती परत येत नाही. गोंदियाकडे सारस धानाच्या बांधीत किंवा पाणथळीत घरटं घालतात, साधारण दोन अंडी, महिनाभर उबवणी. सारसाचं घरटं दिसलं तर शेतमालकाला सांगा, वन विभागाला कळवा आणि त्या बांधीकडे पुन्हा जाऊ नका. ठिकाण कोणत्याही व्हॉट्सअॅप गटात टाकायचं नाही, फोटोतून जागेचा पत्ता काढून टाकायचा. घरटं, अंडी छेडणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. "फक्त एक फोटो" हे कारण तिथे चालत नाही.

सावध: वीज. गडगडाट ऐकू आला की पाळीवरून उतरा. पाळ उंच, उघडी आणि पाण्याला लागून असते, आणि तिथलं एकटं झाड आडोसा नव्हे. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. विजेची पूर्वसूचना देणारं 'दामिनी' अॅप मोबाइलमध्ये ठेवा. सांडवा वाहत असेल तर तो ओलांडायचा नाही, पाणी घोट्याएवढं दिसत असलं तरी.

### पोळा ते दिवाळी

तलाव तुडुंब, गवत कंबरेएवढं, पाखरं विखुरलेली. एवढ्यात फार अपेक्षा ठेवू नका. पिल्लं मोजा: टिबुकलीची, पाणकोंबडीची, कमळपक्ष्याची. चतुर आणि कोळ्यांची जाळी पाहा. दव पडलेल्या सकाळी ती लांबूनही दिसतात. गणपती आणि शारदा-देवीच्या विसर्जनाच्या आठवड्यात फेरी टाळा. दसऱ्याला नीळकंठ पाहायला सगळे बाहेर पडतातच, तेव्हा मुलांना सोबत न्या.

## टप्पा ७: वर्ष भरल्यावर

वहीतून एक पान काढा. बारा महिने आडवे, पाण्याची खूण, पाहुण्या बदकांचा आकडा आणि पळस, मोह, धान यांच्या नोंदी उभ्या. पाणी कोणत्या पातळीला आलं की बदकं जास्तीत जास्त झाली, हे या पानावरच दिसतं. तलावाचं खोलीकरण किंवा काठाचं काम निघालं तर ग्रामसभेत दाखवायला तेवढं पुरतं. उथळ काठ सोडून खोदा, असं सांगताना हातात आकडे असावेत.

नोंदी ई-बर्डवर (पाखरांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) टाकायच्या असतील तर टाका, पण एका फेरीची एक यादी, वेळ आणि अंतरासह. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत आपला तलाव धरला जातो का, ते जिल्ह्यातल्या पक्षिमित्रांना विचारा.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या पानाची एक प्रत समितीला द्या, एक ढिवर संस्थेला. नावं द्याल तेव्हा मराठी पुस्तकी नावाशेजारी गावातलं नावही लिहा, नाहीतर संस्थेत ते पान कोणी वाचणार नाही. आणि प्रत काढण्याआधी घरट्यांच्या जागा खोडून टाका.